शरणागत ससा : सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या चरित्रातील जीवदृष्टी

नाशिक जिल्ह्याच्या उत्तर भागात आरम नदीच्या काठी सटाणा हे गाव वसलेले आहे. प्राचीन बागलाण प्रांताचे हे आजचे मुख्य ठाणे होय. पश्चिमेकडे सेलबारी-डोलबारीच्या डोंगररांगा, साल्हेर-मुल्हेरचे दुर्ग, आणि खाली मोसम, आरम व गिरणा यांच्या खोऱ्यांत कांदा, डाळिंब, द्राक्ष व ऊस पिकविणारी शेते, अशी या भूमीची रचना आहे. डोंगर जेथे उतरतो तेथेच शिवार सुरू होते. त्यामुळे माळावरचा ससा, बांधावरचा मोर आणि उसात दडणारा बिबट्या हे येथील मनुष्याचे नित्याचे शेजारी आहेत.

या शेजाऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी मात्र सर्वांची सारखी नाही. डोंगरातील कोकणा व भिल्ल बांधव वाघाला देव मानतात. पाषाणावर किंवा लाकडावर वाघ, चंद्र, सूर्य कोरून शिवेवर त्याची स्थापना करतात आणि दिवाळीच्या आरंभी वाघबारशीला त्याची पूजा बांधतात. ज्याचे वासरू रात्री गोठ्यातून गेले तो शेतकरी त्याच प्राण्याला वैरी समजतो. सशामागे कुत्री सोडणाऱ्यास ससा ही केवळ घटकाभराची करमणूक वाटते. प्राणी तोच असतो, पण पाहणाऱ्याच्या अंतःकरणातील मूल्य बदलले की त्याच्याशी होणारा व्यवहार बदलतो. कोणी पूजितो, कोणी भितो, कोणी मारतो. अशा स्थितीत परमार्गाच्या अनुयायाची दृष्टी कोणती असावी, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या चरित्रातच ते आहे, आणि तेही एका लहानशा सशाच्या निमित्ताने.

भडोचचा राजकुमार

श्रीचक्रधरस्वामींच्या अवताराचे स्थान गुजरातेतील भडोच होय. भाद्रपद शुद्ध द्वितीया हा अवतारदिन म्हणून सर्वत्र पाळला जातो. तेथील प्रधान विशाळदेव व माल्हणदेवी यांचा पुत्र हरिपाळदेव हा तरुण वयात मृत्यू पावला. त्याच वेळी द्वारावतीच्या श्रीचांगदेव राउळांनी आपल्या देहाचा त्याग करून स्मशानात त्या देहाचा स्वीकार केला, अशी पंथाची धारणा आहे. चितेजवळून परतलेल्या कुमाराचा संसार पुन्हा सुरू झाला. राजवैभव होते, पत्नी कमळाइसा होती, युद्धांतील पराक्रमही होता.

या पूर्वचरित्रातील एक प्रसंग पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. कुमाराला द्यूताचा नाद होता. एकदा डावात मोठी रक्कम हरली. ती फेडण्यासाठी पत्नीकडे अलंकार मागितले असता तिने ते देण्यास नकार दिला. पुढे पित्याने ते देणे भागविले, परंतु कुमाराचे मन संसारावरून उडाले. ज्यांना आपले म्हणावे त्यांचे आपलेपण कोठवर असते, ते पणाला लावलेल्या द्रव्याने दाखवून दिले. जीवांना वैराग्याचा मार्ग दाखविण्यासाठी परमेश्वराने घेतलेले हे निमित्त होय. रामटेकच्या यात्रेची अनुमती घेऊन स्वामी निघाले ते भडोचला परतण्यासाठी नव्हे. वाटेत एकेक करून बरोबरच्या परिवाराचा त्याग करीत ते एकटेच वऱ्हाडात ऋद्धिपुरास आले.

ऋद्धिपुरात श्रीगोविंदप्रभूंचे दर्शन झाले. बाजारातील एका दुकानापाशी त्यांनी आपल्या हातचा प्रसाद स्वामींस दिला आणि त्या प्रसादासमवेत ज्ञानशक्तीचा स्वीकार झाला. चक्रधर हे नामही तेथलेच. तेथून स्वामी सातपुड्यातील सालबर्डीच्या डोंगराकडे गेले.

एकांक : मनुष्यसंगाविना गेलेली वर्षे

सालबर्डी हे स्थान आजच्या अमरावती जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर आहे. डोंगर, गुहा, झरे आणि दाट झाडी यांनी वेढलेल्या या परिसरात स्वामींनी बारा वर्षे तप केले असे परंपरा सांगते. अंगावर वस्त्राची अपेक्षा नाही, अन्नाचा संचय नाही, निवाऱ्याला छप्पर नाही, अशी ती वर्षे होती. त्यानंतरही दीर्घ काळ स्वामी एकटेच विंध्य-सातपुड्यातून, आंध्रदेशातून आणि गोदातीरातून फिरत राहिले. लीळाचरित्राच्या एकांक या विभागात या काळाचे वर्णन येते.

एकांकाविषयी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या काळात स्वामींजवळ शिष्यपरिवार नव्हता. बाइसा, भटोबास, महदाइसा, आबाइसा, उमाइसा ही मंडळी पुढे प्रतिष्ठान व त्यानंतरच्या काळात सन्निधानी आली. तेव्हा एकांकातील लीळा शिष्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या नाहीत. त्या स्वामींनी स्वमुखाने निरूपण केल्या, म्हणूनच त्या कळल्या. अर्थात अनेक वर्षांच्या भ्रमंतीतून जे निवडून सांगितले गेले, ते सांगण्यात स्वामींचा काही हेतू होता. सशाचे रक्षण हा प्रसंग या निवडलेल्या गोष्टींपैकी एक आहे. रानातील एका क्षुद्र प्राण्याची ही वार्ता स्वामींनी विसरू दिली नाही, यावरूनच तिचे महत्त्व समजावे.

त्या काळातील मृगया

लीळेचा अर्थ नीट कळण्यासाठी तत्कालीन समाजाची मूल्ये पाहणे आवश्यक आहे. शिकार हा त्या काळी राजेलोकांचा आणि त्यांच्या अनुकरणाने इतर धनिकांचा प्रतिष्ठित विनोद होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे असलेला मानसोल्लास हा ग्रंथ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा आहे. राजाने आपले मन कसे रमवावे हे सांगताना त्यात मृगया, श्वान, श्येन म्हणजे ससाणा, आणि कोंबडे व मेंढे यांच्या झुंजी यांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. प्राण्याचा पाठलाग, त्याची धडपड आणि त्याचा अंत हे सारे पाहणाऱ्याच्या आनंदाचे विषय होते. त्यावर पैजा लागत. शिकाऱ्याला त्यात पाप दिसत नव्हते, कारण त्याच्या दृष्टीने तो जीव नव्हता. ते खेळाचे साधन होते.

दुसऱ्या बाजूस, स्वामींची अवतारभूमी असलेल्या गुजरातेत निराळे उदाहरण घडले होते. इ. स. ११४३ ते ११७२ या काळात राज्य करणाऱ्या कुमारपाल राजाने हेमचंद्राचार्यांच्या प्रभावाने अमारीची, म्हणजे जीवहत्याबंदीची द्वाही फिरविली होती. राजाज्ञेने हिंसा थांबविण्याचा तो प्रयत्न होता. राजाज्ञेचे सामर्थ्य मोठे, परंतु तिची एक मर्यादा असते. दंडाच्या भयाने हात थांबतो, पण मनातील दृष्टी पालटेलच असे नाही. राजा गेला की आज्ञा मावळते आणि जुनी सवय परत येते.

एकीकडे विनोदासाठी हत्या आणि दुसरीकडे दंडभयाने हत्याबंदी, अशा दोन टोकांच्या काळात स्वामींनी रानात बसून तिसरा मार्ग दाखविला.

ससिकरक्षण

प्रसंग थोडक्यात असा. स्वामी एका झाडाखाली आसनस्थ होते. शिकारी लोकांनी सशामागे कुत्री सोडली होती. प्राणभयाने धावणारा तो ससा इतर कोठेही न जाता स्वामींपाशी आला आणि त्यांच्या मांडीखाली शिरून राहिला. मागोमाग कुत्री व शिकारी येऊन पोचले. समोर बसलेल्या पुरुषाचे तेज पाहून त्यांनी बळजोरी केली नाही. त्यांनी विनवणीच्या सुरात ससा सोडून देण्याची मागणी केली. हा ससा पैजेचा आहे, त्यावर होड लागली आहे, आणि तो हाती न लागल्यास तंटा शस्त्रापर्यंत जाईल, अशी आपली अडचण त्यांनी सांगितली.

स्वामींनी उत्तर दिले की हा जीव येथे शरण आलेला आहे, आणि शरण आलेल्यास सोडता येत नाही. शिकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा विनविले. तेव्हा स्वामींनी त्यांना विचार करावयास लावले. हे प्राणी रानातले गवत खातात, झऱ्याचे पाणी पितात, कोणाचे काही घेत नाहीत. मग तुम्ही यांना का मारता, असा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. त्या प्रश्नाला शिकाऱ्यांपाशी उत्तर नव्हते. आजपासून आपण यांची हत्या करणार नाही, असे कबूल करून ते निघून गेले. ते गेल्यावर स्वामींनी मांडी उचलली आणि त्या सशाला महात्मा असे संबोधून आता जाण्यास सांगितले. ससा रानात निघून गेला.

लीळा येथे संपते. कोणी सिद्धी दाखविली नाही, कुत्र्यांचे तोंड बांधले नाही, शिकाऱ्यांना शाप दिला नाही. एक आसन, एक आश्रय आणि एक प्रश्न एवढ्यानेच सारे घडले. परंतु या थोड्या गोष्टींत वन्य जीवांविषयीच्या आचाराचे संपूर्ण निरूपण सामावले आहे.

लीळेतील चार अंगे

पहिले अंग शरणाचे. ससा हा कोणाचा भक्त नव्हता. त्याला ज्ञान नव्हते, त्याने नामस्मरण केले नव्हते. प्राण वाचविण्यासाठी त्याने जी जागा गाठली ती परमेश्वराची मांडी होती, एवढाच त्याचा अधिकार. तरीही स्वामींनी तो आश्रय अपुरा मानला नाही. शरण आलेल्याची जात, ज्ञान किंवा योग्यता पाहून रक्षण करावे असे स्वामींच्या चरित्रात कोठेच नाही. स्त्री-शूद्रांना मोक्षमार्ग खुला करणारी आणि सशाला मांडीखाली घेणारी करुणा एकच आहे.

दुसरे अंग पैजेचे. शिकाऱ्यांनी जी अडचण सांगितली ती खोटी नव्हती. होडीपायी खरोखरच तंटा झाला असता. पण ही अडचण निर्माण कशाने झाली याचा विचार करावा. एका जीवाचे प्राण त्यांनी डावावर लावले होते. ज्या क्षणी प्राणाची किंमत पैजेच्या रकमेत मोजली गेली, त्या क्षणी ससा मेल्याविना त्यांची सुटका नव्हती. मूल्य चुकले की मनुष्य स्वतःच आपल्या चुकीचा बंदी होतो. येथे भडोचच्या द्यूताची आठवण येते. डाव हरल्यावर मनुष्याची कशी कोंडी होते हे स्वामींनी पूर्वचरित्रात दाखवून दिले होते. म्हणूनच शिकाऱ्यांच्या अडचणीची त्यांनी थट्टा केली नाही आणि त्यांच्यावर क्रोधही केला नाही. स्वामींच्या दृष्टीने त्या प्रसंगी दोन जीव संकटात होते. एक कुत्र्यांच्या भयाने, दुसरा होडीच्या बंधनाने. स्वामींनी दोघांनाही सोडविले.

तिसरे अंग प्रश्नाचे. स्वामींच्या अंगी असलेल्या सामर्थ्यापुढे शिकाऱ्यांना पळवून लावणे अवघड नव्हते. तसे केले असते तर त्या दिवशीचा ससा वाचला असता आणि दुसऱ्या दिवशीचा मेला असता. त्याऐवजी स्वामींनी त्यांच्या दृष्टीचाच पालट केला. गवत आणि झऱ्याचे पाणी यांचा उल्लेख साधा वाटतो, पण त्याने शिकाऱ्यांना प्रथमच सशाचे जीवन दिसले. तोवर त्यांना फक्त पळणारे भक्ष्य दिसत होते. आता खाणारा, पिणारा, आपल्या वाटेने जाणारा जीव दिसला. दृष्टी बदलली आणि हत्या थांबली. दंडभयाशिवाय घडलेली अमारी हीच.

चौथे अंग संबोधनाचे. परमार्गात महात्मा हा शब्द संन्यस्त भिक्षूंसाठी योजिला जातो. ज्या आदरवाचक शब्दाने अनुसरलेल्या साधकाला हाक मारावी त्याच शब्दाने स्वामींनी सशाला निरोप दिला. हा केवळ विनोद नव्हे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांत ससाही जीव आहे आणि मनुष्यही जीव आहे. कर्मानुसार लाभलेले देह निराळे, देहांची योग्यताही निराळी, कारण ज्ञानाचा अधिकार मनुष्यदेहालाच आहे. परंतु देहातील जीव बद्धमुक्त आहे, म्हणजे आज बद्ध असून मोक्षास पात्र आहे, आणि हे सर्व जीवांविषयी सारखेच खरे आहे. आज जो सशाच्या देहात आहे तो कोणत्या तरी सृष्टीत मनुष्यदेही येऊन परमेश्वराला अनुसरणार नाही, असे कोण म्हणू शकेल? स्वामींनी त्या देहामागचा जीव पाहिला आणि त्याला साजेसे संबोधन दिले.

झाडाखालचा आचार

ही दृष्टी एका लीळेपुरती राहिली नाही. प्रतिष्ठानानंतर शिष्यपरिवार वाढला, स्वामी गोदातीराने गावोगाव फिरू लागले, आणि साधकाने कसे राहावे याचे निरूपण होऊ लागले. त्या निरूपणात साधकाचे स्थान देशाच्या शेवटी, अनोळखी मुलखात, झाडाच्या तळाशी सांगितलेले आहे. नगरातील मानमरातब, ओळखीच्या लोकांचा संग आणि पक्के घर ही सारी बंधने मानली आहेत. भिक्षा मागून खावे, संचय करू नये, कोणत्याही जीवाला आपल्यापासून पीडा होऊ नये, पाणीसुद्धा गाळून घ्यावे, असा तो आचार आहे.

याचा वन्य जीवांच्या दृष्टीने काय अर्थ होतो ते पाहावे. जो झाडाखाली निजतो त्याच्या डोक्यावर पक्ष्यांची घरटी असतात, पायाशी मुंग्यांची वारुळे असतात, रात्री आसपास कोल्हे-तरस फिरतात. अशा ठिकाणी तो यजमान नसतो, पाहुणा असतो. झाड त्याचे नाही, भूमी त्याची नाही. तो आला तसा निघून जाणार. रानाला जिंकण्याची किंवा स्वच्छ करण्याची इच्छा अशा मनुष्यास होत नाही. भयाने वाघाला देव करण्याचेही त्याला कारण नाही, कारण त्याची अनन्य भक्ती एका परमेश्वराच्या ठायी आहे. म्हणून परमार्गाने क्षुद्र देवतांपुढील पशुबळी निषिद्ध मानला. एका जीवाची कृपा मिळविण्यासाठी दुसऱ्या जीवाचा गळा कापणे यात धर्म कसा राहील? तथापि, वाघाला मान देऊन शिवेपलीकडची जागा त्याला सोडणाऱ्या डोंगरातील बांधवांच्या रीतीत जो संयम आहे, तो साधकाने तुच्छ मानू नये. त्यांची देवता-भावना आपल्याला ग्राह्य नसली तरी दुसऱ्या जीवाच्या हद्दीची जाणीव त्यांनी शतकानुशतके सांभाळली आहे.

शके ११९६, म्हणजे इ. स. १२७४ च्या सुमारास विरोधकांच्या छळानंतर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. भटोबासांच्या छायेखाली परिवार ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस राहिला. पुढे म्हाइंभटांनी गावोगाव पायपीट करून, ज्याने जे पाहिले-ऐकिले ते विचारून लीळा एकत्र केल्या. मुसलमानी स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली, तेव्हा शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा सिद्ध केली. सकळ लिपीच्या आवरणात सहा शतके जपलेल्या त्या ठेव्यात सशाची लीळाही जपली गेली. ज्यांनी आपला जीव वाचविण्यासाठी रानोमाळ फिरताना ग्रंथ वाचविले, त्यांना या लीळेचा अर्थ अधिक जाणवला असेल यात शंका नाही.

सटाण्याच्या शिवारातील प्रश्न

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळावे. ही लीळा श्रवण करणारा बागलाणातील उपदेशी शेतकरी एक शंका काढील, आणि ती रास्त आहे. ससा गवत खातो, कोणाचे काही घेत नाही, म्हणून त्याचे रक्षण योग्य. परंतु रानडुक्कर मका उद्ध्वस्त करते, बिबट्या शेळी-वासरू नेतो. गेल्या काही वर्षांत नाशिक, पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसेही दगावली, त्यांत लहान मुले होती. ज्या घरातील मूल गेले त्या घरापुढे सशाची लीळा कोणत्या तोंडाने सांगावी?

या शंकेला उत्तर देताना लीळेतील क्रम पाहावा लागेल. स्वामींनी प्रथम शरणाचे कारण दिले, निरुपद्रवीपणाचे कारण नंतर दिले. शरण हे रक्षणाचे मुख्य कारण होते. गवत-पाण्याचा युक्तिवाद शिकाऱ्यांसाठी होता, कारण ते विनाकारण मारीत होते. यावरून असे ठरत नाही की जो प्राणी उपद्रव देतो त्याचा जीव स्वस्त झाला. उपद्रव देणारा मनुष्यही जीवच राहतो, तसेच येथेही आहे. याचबरोबर लीळा असेही सांगत नाही की मनुष्याने आपले लेकरू जनावरापुढे सोडावे. आपले व आपल्यांचे रक्षण करणे हा गृहस्थाचा धर्म आहे. प्रश्न एवढाच की ते रक्षण कोणत्या भावनेने आणि कोणत्या उपायाने करावे.

या बाबतीत आजच्या अभ्यासकांचे निरीक्षण उपयोगी पडते. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या शेतीप्रदेशात बिबट्यांचा अभ्यास केला, तो इ. स. २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाट वस्तीच्या, उसाच्या मुलखात बिबटे मोठ्या संख्येने राहतात आणि तरीही त्या काळात माणसांवरील हल्ले क्वचितच होते, असे त्यात दिसून आले. त्यापूर्वी जुन्नर भागात इ. स. २००१ पासून बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले होते. जेथे ते सोडले त्या जागांजवळ माणसांवरील हल्ले वाढल्याचे इ. स. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. परक्या मुलखात फेकलेला प्राणी अधिक भयभीत आणि अधिक घातक होतो. म्हणजे घाईने, रागाने केलेला उपाय संकट टाळीत नाही, ते दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवितो.

म्हणून उपदेशी गृहस्थाने आचार असा ठेवावा. गोठा बंदिस्त करावा, रात्री उजेड ठेवावा, लहान मुलांना तिन्हीसांजेनंतर उसाच्या कडेला एकटे सोडू नये, मेलेली जनावरे व उकिरडा गावाजवळ साचू देऊ नये, कारण त्यावर जगणारी भटकी कुत्री आणि डुकरे बिबट्याला वस्तीकडे ओढतात. जनावर गेले तर शासनाकडून मिळणारी भरपाई मागावी. विहिरीत पडलेला किंवा घरात शिरलेला प्राणी दिसला तर लाठ्या घेऊन गर्दी करू नये, वनखात्याला कळवावे. मृत जनावरात विष घालणे, फासे लावणे, उसाला आग लावणे हे उपाय त्याने मनातही आणू नयेत. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि इ. स. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपुष्टात आणले आहेत. सशाची शिकारही गुन्हा आहे. माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार त्याच कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला दिलेला आहे, जमावाला नाही. परंतु परमार्गी मनुष्याने केवळ कायद्याच्या भयाने थांबू नये. तसे थांबणे म्हणजे कुमारपालाच्या द्वाहीपुरते थांबणे होय. सर्वज्ञांच्या प्रश्नापुढे थांबणे निराळे.

ज्यांच्या घरी अशा हल्ल्यात मनुष्य दगावला त्यांच्या दुःखाला या लीळेने कमी लेखलेले नाही. स्वामींनी शिकाऱ्यांचेही संकट ऐकून घेतले होते, मग आपत्तीत सापडलेल्या घराचे त्यांनी ऐकले नसते काय? त्या घराच्या पाठीशी उभे राहणे, त्याला भरपाई मिळवून देणे, त्याच्या उर्वरित मुलांच्या रक्षणाची व्यवस्था करणे हे साऱ्या गावाचे कर्तव्य आहे. ते कर्तव्य गाव टाळते तेव्हाच रागाला एकच वाट उरते, आणि ती वाट सुडाची असते. मनुष्याविषयी उदासीन राहून प्राण्याविषयी दया दाखविणे आणि प्राण्याचा जीव घेऊन मनुष्याचे सांत्वन करणे, हे दोन्ही अपुरे आहे. मांडीखाली ससा असताना शिकाऱ्यांशी मृदू बोलणारी दृष्टी ही दोन्ही बाजू सांभाळणारी आहे.

उपसंहार

श्रीचक्रधरस्वामींच्या चरित्रात राजवैभव आहे, तप आहे, विद्वानांशी चर्चा आहे, सत्ताधीशांचा विरोध आहे. या साऱ्या मोठ्या घटनांच्या मध्ये एक ससा आहे. त्याला नाव नाही, स्थान नाही, पुढची कथा नाही. तो आला, आश्रय घेऊन राहिला आणि परत रानात गेला. त्याला कोणी पाळले नाही, पिंजऱ्यात ठेवले नाही, आश्रमात आणले नाही. त्याचे रान त्याला परत मिळाले, हेच त्याचे रक्षण. वन्य जीवावरील दया म्हणजे त्याला आपल्यासारखे करणे नव्हे. त्याच्या देहाप्रमाणे, त्याच्या ठिकाणी त्याला जगू देणे होय.

बागलाणच्या माळावर आजही संध्याकाळी ससे बाहेर पडतात. पारायणात ही लीळा ज्यांच्या कानी पडली आहे त्यांनी ते दिसल्यावर क्षणभर थांबावे. आपल्या हाती कुत्र्याची साखळी आहे की आपली मांडी कोणाच्या आश्रयाची जागा आहे, हे त्या क्षणी कळेल. सर्वज्ञांच्या चरणी दंडवत घालताना एवढी एक कसोटी मनात ठेवली तरी लीळेचे श्रवण सार्थकी लागेल.